घरची पाणबुडी – भाग ५ : बुडण्याचा हिशेब

मामाच्या शेततळ्यावर सकाळच्या वेळी एक टिबुकली असते. मूठभर आकाराचा, तपकिरी रंगाचा पक्षी. भक्ष्य दिसलं की ती डोकं खाली घालून सूर मारते. पण माणसाची चाहूल लागली, तर कित्येकदा ती जागच्या जागी हळूहळू खाली जाते. आधी पाठ, मग मान, शेवटी चोच. पाण्यावर साधा तरंगही उठत नाही. ‘‘आमच्याकडं हिलाच पाणबुडी म्हणतात,’’ मामा म्हणाला. माझ्या हातात तेव्हा पाइपची पाणबुडी होती, आणि तिला नेमकं हेच शिकवायला मी तिथे गेलो होतो.

टिबुकली पिसं अंगाशी घट्ट दाबते आणि त्यांत धरलेली हवा बाहेर घालवते. तिचं आकारमान घटतं, ती पूर्वीपेक्षा कमी पाणी बाजूला सारते आणि खाली जाते. आपल्या पाइपला अंग चोरता येत नाही. म्हणून आपण उलट्या बाजूने जायचं : आकारमान तेच ठेवायचं आणि वजन वाढवायचं, तेही पाण्यानेच.

मागच्या चार भागांत आपण सांडपाण्याच्या नळासाठी मिळणारा ११० मिलिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप ६० सेंटिमीटर लांब कापला, दोन्ही तोंडांना ओ-रिंग लावून ॲक्रिलिकच्या चकत्या बसवल्या, पंख्याचा दांडा ग्रीस भरलेल्या नळीतून बाहेर काढला. रिमोटसाठी जुना २७ मेगाहर्ट्झचा सेट घेतला. कारण हल्लीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात काही सेंटिमीटरमध्येच विरून जातात, तर या जुन्या लहरी गोड्या पाण्यात काही मीटरपर्यंत पोचतात. आज पाणबुडीच्या पोटातली टाकी. सगळ्या लेखमालेत सर्वांत जास्त आकडेमोड याच भागात आहे, आणि ती टाळून चालत नाही.

एकोणीसातला एक

पाइपचा बाहेरचा व्यास ११ सेंटिमीटर, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर. त्याला ६० सेंटिमीटर लांबीने गुणलं की ५,७०० घन सेंटिमीटर. एक घन सेंटिमीटर गोड्या पाण्याचं वजन एक ग्रॅम. आर्किमिडीजच्या नियमाप्रमाणे आपला पाइप पूर्ण बुडाला, की त्याला खालून वर रेटणारा जोर बरोबर ५ किलो ७०० ग्रॅमचा असतो. पाणबुडीचं वजन याहून कमी असेल तर ती वर येणार, जास्त असेल तर तळ गाठणार. दोन्ही सारखे झाले, तरच ती मधोमध थांबण्याची शक्यता.

आता वर तरंगताना पाइप किती बाहेर दिसावा? माझा आकडा ३०० घन सेंटिमीटर. म्हणजे एकोणीस भागांतला एक भाग पाण्याबाहेर आणि अठरा आत. गोल पाइपचा एवढा भाग बाहेर ठेवला, की पाण्यावर जेमतेम एक सेंटिमीटर उंचीची पाठ आणि वरचा मनोरा दिसतो. पाहणाऱ्याला हे फार कमी वाटतं. पण जेवढं बाहेर, तेवढंच पाणी बुडताना आत घ्यावं लागतं, आणि त्या पाण्याला पोटात जागा द्यावी लागते.

खऱ्या पाणबुडीचं प्रमाण यापेक्षा पुष्कळ सैल असतं. विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर ‘आयएनएस कुरसुरा’ उभी आहे. १९६९ साली नौदलात आलेली ही पाणबुडी २००२पासून संग्रहालय म्हणून लोकांना आतून पाहता येते. त्या वर्गाच्या पाणबुडीचं विस्थापन वर तरंगताना सुमारे १,९५० टन आणि पाण्याखाली सुमारे २,४७५ टन. मधला पाचशे टनांचा फरक म्हणजे तिच्या टाक्यांतलं पाणी. या टाक्या दाब सोसणाऱ्या मुख्य कवचाच्या बाहेर असतात. वरच्या झडपा उघडल्या की हवा निसटते आणि खालच्या तोंडांनी समुद्र आत येतो. वर यायचं झालं की दाबलेली हवा सोडून तेच पाणी खालून बाहेर ढकलतात. छंदातही काही जण गॅसच्या छोट्या डब्या वापरून अशी व्यवस्था करतात. पण डबी संपली की बुड्या संपल्या. म्हणून मी दट्ट्याची पद्धत घेतली.

एका भोवती सहा

औषधांच्या दुकानात ६० मिलिलिटरची सिरिंज मिळते. तिच्या नळीचा बाहेरचा व्यास साधारण ३ सेंटिमीटर. सारख्या जाडीच्या एका नळीभोवती तशाच सहा नळ्या अगदी चपखल बसतात. सात बांगड्या टेबलावर मांडून पाहा, म्हणजे पटेल. तो जुडगा ९ सेंटिमीटर रुंद होतो आणि आपल्या पाइपच्या आत सहज सरकतो, फक्त सिरिंजचे बोटं अडकवायचे कान कापून टाकावे लागतात. मधली जागा रिकामी ठेवायची. तिथे आट्यांचा सहा मिलिमीटर जाडीचा रॉड येतो.

सहाही दट्ट्यांची टोकं एका ॲक्रिलिकच्या चकतीला बांधायची आणि चकतीच्या मध्यभागी नट पक्का करायचा. मोटरने रॉड फिरवला, की नट आणि त्याबरोबर सगळे दट्टे एकत्र मागे-पुढे सरकतात. या रॉडचे आटे एक मिलिमीटर अंतराचे असतात, म्हणजे एका फेऱ्याला दट्टे एक मिलिमीटर सरकतात आणि सहा सिरिंजांत मिळून साडेतीन ग्रॅमच्या आसपास पाणी येतं किंवा जातं. एवढा बारीक ताबा हातात येतो, म्हणून ही पद्धत मला आवडते. मिनिटाला ३०० फेरे देणारी १२ व्होल्टची गिअर मोटर पूर्ण ३६० मिलिलिटरची टाकी सुमारे वीस सेकंदांत भरते. मोटर थांबली की आटेच दट्ट्यांना धरून ठेवतात. बाहेरच्या पाण्याने कितीही रेटलं तरी रॉड उलटा फिरत नाही.

सहाही सिरिंजांची तोंडं फिश टँकच्या दुकानात मिळणाऱ्या नळीने एकत्र जोडून पोटाखाली एकच छिद्र काढायचं. दट्ट्यांच्या रबराला सिलिकॉन ग्रीसचा हात द्यायचा, नाहीतर चार दिवस नुसतं ठेवल्यावर रबर नळीला चिकटून बसतं.

दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावल्याशिवाय हा सांगाडा पाण्यात नेऊ नका. दट्टा नळीतून पूर्ण मागे निघून आला, तर तिथून तळ्याचं पाणी सरळ पाणबुडीच्या पोटात शिरतं. स्विच दट्ट्याला त्या आधी एक सेंटिमीटरवर थांबवतो. वापरात येणारी टाकी त्यामुळे थोडी लहान होते, सुमारे ३३० मिलिलिटर. तरीही आपल्या ३००पेक्षा जास्तच.

या रचनेची एक गंमत हिशेब केल्यावर कळते. दट्टे मागे येतात तेव्हा ते आतली बंद हवा दाबतात. आत अडीच लिटर मोकळी हवा धरली, तर टाकी पूर्ण भरताना तिचा दाब सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. दीड मीटर खोलीवर बाहेरचं पाणी जेवढं दाबतं, जवळजवळ तेवढाच. त्यामुळे पाण्याखाली असताना चकत्यांच्या फटींवर बाहेरून येणारा ताण आतून तोलला जातो, आणि वर यायच्या वेळी हीच दाबलेली हवा पाणी बाहेर लोटायला मोटरला हात देते.

शिसं कुठे ठेवायचं

पाइप, मोटर, बॅटरी, सिरिंजा असं सगळं धरून माझी पाणबुडी तीन किलोच्या आतच भरली. पण वर तरंगताना ती ५ किलो ४०० ग्रॅमची हवी. उरलेलं सगळं शिसं. मासेमारीच्या जाळ्यांना लावतात त्या शिशाच्या गोळ्या यासाठी उत्तम. ते घरी वितळवू नका, त्याची वाफ विषारी असते; गोळ्या तशाच कापडी पिशवीत शिवून वापरा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

शिसं पाइपच्या तळाशीच राहिलं पाहिजे, इकडेतिकडे घरंगळता कामा नये. होडी कलली तर तिची बुडालेली बाजू बदलते आणि पाणी तिला पुन्हा सरळ करतं. पूर्ण बुडालेल्या पाणबुडीला हा आधार नसतो. तिला सरळ ठेवणारी गोष्ट एकच : वजनाचा मध्य उत्प्लावनाच्या मध्यापेक्षा खाली असणं. माझ्या पाणबुडीत हे अंतर दोन सेंटिमीटर आहे. तेवढ्यावर ती लंबकासारखी सरळ राहते, पण फार लाड चालत नाहीत. टाकीचं ३०० ग्रॅम पाणी लांबीच्या मध्यापासून दहा सेंटिमीटर पुढे भरलं, तर नाक पंधरा अंश खाली जातं. म्हणून भरलेलं पाणी पाइपच्या बरोबर मधोमध येईल अशाच ठिकाणी जुडगा बसवायचा आणि बॅटरी, शिसं यांनी बाकीचा तोल साधायचा.

शिसं बाहेरून लावायचं असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पाणी शिशालाही उचलतं. एक किलो शिसं पाण्यात ९१२ ग्रॅमच भरतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावरचा आकडा आणि हौदातला आकडा यामुळे जुळत नाही, आणि माणूस उगाच गोंधळतो.

हौदात आणि तळ्यात

पहिली चाचणी हौदात किंवा मोठ्या टाकीत करा. टाकी ३०० मिलिलिटर भरा आणि पाणबुडी हलक्या हाताने पाण्याखाली सोडा. वर आली तर पाच-पाच ग्रॅम शिसं वाढवा, खाली गेली तर काढा. ती जिथे सोडली तिथे दहा सेकंद रेंगाळली, की वजन साधलं. प्रत्येक बदल वहीत लिहा.

माझी पाणबुडी हौदात अशी सुंदर रेंगाळली, आणि दुसऱ्या दिवशी शेततळ्यात पहिल्याच वळणावर थेट तळाला गेली. पाणी बाहेर ढकलल्यावर वर आली खरी, पण पुन्हा ३०० मिलिलिटर घेतलं की पुन्हा खाली. गळती नव्हती, उघडून पाहिलं तर आत कोरडं ठणठणीत. संध्याकाळपर्यंत उलगडा होईना. शेवटी लक्षात आलं की मनोरा आतून पोकळ होता आणि त्याच्या टोकाला छिद्र ठेवलं नव्हतं. हौदात त्याच्या माथ्याखाली हवेचा बुडबुडा अडकून बसला होता आणि मी त्या बुडबुड्यासकट वजन जुळवलं होतं. तळ्यात वळताना पाणबुडी कलली, बुडबुडा निसटला आणि ती एकदम चाळीस ग्रॅम जड झाली. मनोऱ्याच्या माथ्याला तीन मिलिमीटरचं एक छिद्र पाडलं, वजन नव्याने जुळवलं, आणि दोष गेला. तेव्हापासून पाणबुडी पाण्यात सोडली, की मी तिला आधी दोन्ही कुशींवर पूर्ण कलवून सगळी हवा जाऊ देतो. तुम्हीही ही सवय लावून घ्या.

मालवण किंवा हर्णैला नेण्याचा विचार असेल, तर नवा हिशेब करावा लागेल. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. आपल्या पाइपला तिथे १४० ग्रॅम जास्त उचल मिळते, आणि टाकीत शिल्लक जागा आहे ३० मिलिलिटर. पाणबुडी बुडणारच नाही. शिवाय खारट पाणी वीजवाहक असल्याने रेडिओच्या लहरी तिथे फार लवकर विरतात. आपली पाणबुडी गोड्या पाण्याची आहे. तिला तिथेच ठेवू.

सुटकेची तजवीज

संदेश तुटला की पाणबुडीने आपणहून वर यायला हवं. रिसीव्हरमधून सेकंदाला सुमारे पन्नास स्पंद येतात, प्रत्येक एक ते दोन मिलिसेकंदांचा. एक छोटा आर्डुइनो हे स्पंद मोजत राहतो. सलग तीन सेकंद ते आले नाहीत किंवा वेडेवाकडे आले, तर तो रिमोटचं ऐकणं सोडून टाकी रिकामी करतो. पोटात तळाशी दोन उघड्या तारा ठेवल्या, की ओल लागताच हीच आज्ञा सुटते. पण टाकी रिकामी करून मिळणारी उचल ३०० ग्रॅमचीच. तेवढं पाणी आत शिरलं, की कोणतीही इलेक्ट्रॉनिक युक्ती कामाची नाही. म्हणून पहिल्या दहा बुड्यांना मासे पकडायची मजबूत दोरी बांधलेलीच ठेवा.

आणि पाणबुडी बुडाली, तर तिच्यामागे उडी घेऊ नका. शेततळ्याच्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही. उतरलेल्या पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कड चढून येणं अवघड जातं. मुलं बरोबर असतील तर काठावर मोठं माणूस, दोर आणि हवा भरलेली ट्यूब असल्याशिवाय चाचणी करायचीच नाही.

शेवटी, ज्यासाठी एवढा हिशेब केला त्याबद्दल. वजन ग्रॅमपर्यंत जुळवलं तरी पाणबुडी एका खोलीवर कायम थांबत नाही. एखादा बुडबुडा चिकटला की ती वर सरकते. थोडी खाली गेली, की अंगावरचा फोम आणि बुडबुडे दाबाने आणखी आवळतात, उचल घटते आणि ती आणखी खाली जाते. होडीला पाणी परत जागेवर आणतं. पाणबुडीला कोणीच आणत नाही. टिबुकलीही पाण्याखाली स्थिर राहत नाही, सारखे पाय मारत असते. आपल्या पाणबुडीला तेच काम तिच्या आडव्या पंखांनी करावं लागेल. ते पंख पुढच्या आठवड्यात. तोपर्यंत एवढं करा : घरात जे जे पाणबुडीत जाणार आहे, त्याचा प्रत्येक स्क्रू काट्यावर ठेवा आणि वजन वहीत मांडा. बेरीज ५ किलो ४०० ग्रॅमच्या आत असेल, तर तुमची पाणबुडी तरंगणार आहे.