हवं तेच ढासळतं

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीच्या बाजूला हातपंपाला 'बोरिंग' म्हणतात, आणि ते खोदायला येणाऱ्या ट्रकला बोरिंगची गाडी. पावसाळ्यात नाले भरले की ही जड गाडी आतल्या टोल्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून हे काम उन्हाळ्याचं. कंप्रेसर धडधडू लागतो, करडा धुरळा उडतो आणि सगळं गाव कडेला उभं राहून एकाच गोष्टीची वाट बघतं: धुरळ्याचा चिखल कधी होतो.

ड्रिलरची भिस्त मात्र कानांवर असते. रॉडच्या टोकाला, थेट भोकाच्या तळाशी, एक हातोडा बसवलेला असतो. वरून येणारी दाबाची हवा त्याला ठोके मारायला लावते आणि तीच हवा फुटलेला चुरा वर फेकते. अखंड खडकात हा हातोडा एका दिवसात दोनशे फूट सहज उतरतो. ठोक्याचा आवाज बदलला, रॉड अडखळला, चुरा वर यायचा थांबला, की भोक कुठेतरी बसतंय हे त्याला कळतं. हातोडा ढिगाऱ्याखाली अडकला तर बोरिंग जातंच, वर हातोड्याचा भुर्दंड.

खडक पोलादासारखा असेल तर वेळ लागतो, हातोड्याच्या टोकाचं बिट झिजतं, पण भोक उभं राहतं. खरी पंचाईत करतो तो अर्धवट खडक.

एटापल्ली तालुक्याचा बराचसा भाग बस्तरच्या अतिप्राचीन खडकावर वसलेला आहे. ग्रॅनाइट आणि नाईस जातीचा हा खडक अडीच अब्ज वर्षांहून जुना. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. पाणी असतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि खालच्या भेगांमध्ये, म्हणजे जिथे खडक फुटलेला आहे तिथेच. गावाला जी जागा हवी, तीच ड्रिलरला नको असते. म्हणून मुरूम संपेपर्यंत केसिंगचा पाइप घालायचा आणि तो टणक खडकात काही फूट रुतवायचा. केसिंगचे पैसे फुटावर मोजले जातात. तिथे काटकसर केली की पाच-दहा फुटांचे पैसे वाचतात आणि एक-दोन पावसाळ्यांनी पंप गाळात बसतो.

जमीन फारच भुसभुशीत असेल तर ओडेक्स नावाची युक्ती आहे. तिचं बिट एका बाजूला सरकून केसिंगच्या बाहेरच्या मापाचं भोक पाडतं, त्यामुळे केसिंग त्याच्या मागोमाग खाली उतरत जातं. काम झालं की बिट मिटून पाइपच्या आतून वर येतं. छत्री मिटावी तसं.

आता याच तालुक्यातला सुरजागडचा डोंगर. माडिया लोकांचा ठाकूरदेव इथला. लोहखनिजाच्या खाणीवरून झालेला संघर्ष हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. इथे पाहायचं ते एवढंच, की अशा डोंगराच्या पोटात काय आहे हे कळतं कसं? त्यासाठी चुरा चालत नाही. खडकाचा सलग, दंडगोल तुकडा वर काढावा लागतो. त्याला कोअर म्हणतात. पोकळ बिटाच्या कडेला हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. ते गोल कापत जातात आणि मधला खडक नळीत शिरतो.

लोहखनिजाच्या डोंगरांत खडक पट्ट्यापट्ट्यांचा असतो: एक थर लोहाचा, एक थर गारेचा. गारेइतका बिटाचा दुसरा वैरी नाही. इथे ड्रिलिंगचा एक नियम ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. खडक जितका कठीण, तितका हिरे धरून ठेवणारा धातू मऊ हवा. तो झिजला तरच जुने बोथट हिरे गळतात आणि खालचे ताजे उघडे पडतात. कठीण धातूचं बिट गारेवर नुसतं घासत राहतं, गुळगुळीत होतं, पुढे सरकत नाही. उलट ठिसूळ, खरखरीत खनिजात मऊ धातू लावला, तर तो बघता बघता झिजून जातो. गार आणि ठिसूळ खनिज एकाच भोकात आलटूनपालटून येत असेल, तर ड्रिलरने कोणतं बिट लावायचं? प्रत्येक थराला बिट बदलणं परवडत नाही. दोन्हीकडे थोडं थोडं नुकसान सोसणारं मधलं बिट, असाच तोडगा बहुधा निघतो.

त्यातही सगळ्यात श्रीमंत खनिज बहुधा सगळ्यात भुसभुशीत असतं. शेजारच्या बैलाडिल्यात ज्याला 'ब्लू डस्ट' म्हणतात, ती तर नुसती भुकटी. पाण्याबरोबर गार वाहून जाते आणि लोह मागे राहतं, म्हणून ते श्रीमंत. पण सांधणारी गारच गेली, म्हणून ते विसविशीत. कोअर काढताना पाण्याच्या धारेबरोबर नेमकं हेच निसटतं आणि पेटीत उरतो कठीण, गरीब खडक. त्यावरून हिशोब मांडला तर डोंगराची किंमत चुकीचीच निघणार. म्हणून नळीच्या आत न फिरणारी दुसरी नळी, कधी तिच्या आत तिसरी पातळ नळी घालतात. पाण्यात बेंटोनाइटची चिकणमाती किंवा पॉलिमर मिसळतात. त्याचा लेप भोकाच्या भिंतीला धरून ठेवतो. एवढं करूनही भिंत ढासळत राहिली तर भोकात सिमेंट ओतायचं, ते घट्ट होऊ द्यायचं आणि त्याच सिमेंटमधून पुन्हा भोक पाडायचं.

एटापल्ली ज्यात मोडायचं त्या जुन्या चांदा जिल्ह्याला अशा चुकीच्या हिशोबांचा इतिहास आहे. लोहाऱ्याच्या लोहखनिजाबद्दलचा १८८२ चा अहवाल वाचून जमशेटजी टाटांच्या डोक्यात पोलाद कारखाना शिरला. जवळ वरोऱ्याचा कोळसा होता, पण तो या कामाच्या लायकीचा निघाला नाही. पुढे टाटांच्या तज्ज्ञांनी लोहारा पालथं घातलं, तेव्हा खनिजही पुरेसं नसल्याचं दिसलं. जमशेटजींचे पुत्र दोराबजी यांना नव्या जागेचा सुगावा लागला तो नागपूरच्या संग्रहालयातल्या भूशास्त्रीय नकाशावर. वर दिसणारा लोखंडी कडा आत किती खोल गेला आहे, हे वरून दिसत नाही.

महाराष्ट्रातलं सगळ्यात धाडसी भोक मात्र पश्चिमेला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर त्या परिसरात धक्के थांबलेलेच नाहीत. ते जिथून उठतात तिथेच उतरून पाहावं, म्हणून कराडच्या केंद्र सरकारी प्रयोगशाळेने २०१७ मध्ये गोठणे इथे सुमारे तीन किलोमीटर खोल चाचणी विवर पूर्ण केलं. वरचा सव्वा किलोमीटर लाव्हाचे थर, एकावर एक रचलेले, मधूनमधून तांबड्या मातीच्या मऊ पट्ट्या. खाली पंचवीसशे दशलक्ष वर्षांहून जुना ग्रॅनाइट. मातीचा द्रव फिरवून खोदणं आणि हवेचा हातोडा, या दोन्ही पद्धती इथे मिळून वापरल्या.

तीन किलोमीटरवर वरच्या खडकाचा भार दर चौरस सेंटिमीटरला सुमारे आठशे किलो असतो. भोक पाडलं की तेवढ्यापुरता आधार निघून जातो आणि भार भोवतालच्या भिंतीवर येतो. आतला द्रव हलका पडला तर भिंत कोसळते, फार जड झाला तर खडक तडकून द्रवच भेगांत पळतो. भिंत सगळीकडून सारखी ढासळत नाही. जिकडून आडवा दाब कमी, त्या दोन समोरासमोरच्या बाजूंना ढलपे निघतात आणि गोल भोक लांबट होतं. ड्रिलरच्या दृष्टीने हे नुकसानच. शास्त्रज्ञ मात्र त्याच ढलप्यांवरून जमिनीतला ताण कोणत्या दिशेने आहे ते वाचतात.

पुढचा बेत सहा किलोमीटरचा आहे. तिथे तापमान ११० ते १३० अंश सेल्सिअस असेल असा अंदाज आहे. उपकरणं वर्षानुवर्षं बसवून ठेवायची आहेत ती भूकंप उठणाऱ्या फुटक्या पट्ट्याजवळ, म्हणजे भोक टिकायला सगळ्यात अवघड जागी.