विश्लेषण : हॉलमार्क नसलेली चांदी महाग का? आयर्लंडच्या जुन्या चमच्यांची गोष्ट

चांदी घेताना आपण आधी ठसा शोधतो. पण आयर्लंडमधील कॉर्क, लिमरिक या शहरांत अठराव्या शतकात घडवलेल्या चमच्यांवर, डावांवर बहुतेक वेळा अधिकृत हॉलमार्क नसतो. तरीही लिलावात त्यांना त्याच काळातील डब्लिनच्या चांदीपेक्षा अनेकदा जास्त भाव मिळतो. असे का?

हॉलमार्क कोण देत असे?

राजा पहिला चार्ल्स याने १६३७ मध्ये डब्लिनच्या सोनारांच्या संघाला सनद दिली. चांदी तपासून ठसा मारण्याचे काम या संघाकडे आले. मुकुटधारी हार्प या वाद्याचा ठसा म्हणजे स्टर्लिंग चांदी, अर्थात १००० भागांत ९२५ भाग शुद्ध. सोबत वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे असत. १७३० मध्ये औंसामागे सहा पेन्स कर लागला. त्याची खूण म्हणून हायबर्नियाचा, म्हणजे आयर्लंडचे प्रतीक असलेल्या बसलेल्या स्त्रीचा ठसा आला.

मग कॉर्कने काय केले?

कॉर्क ते डब्लिन अंतर सुमारे २५० किलोमीटर. खराब रस्ते, लुटीची भीती, वाहतुकीचा खर्च आणि वर कर. त्यामुळे बराच माल डब्लिनला गेलाच नाही. सुरुवातीला या गावांनी स्वतःची चिन्हे वापरली. कॉर्कचे जहाज आणि किल्ला, गॅलवेचा जहाजी नांगर, यॉलची होडी. पुढे कॉर्क आणि लिमरिकच्या कारागिरांनी थेट ‘स्टर्लिंग’ हा शब्दच इंग्रजी अक्षरांत ठोकायला सुरुवात केली. शेजारी स्वतःची आद्याक्षरे.

या ठशाचा अर्थ काय?

आपल्याकडे सोन्यावरील हॉलमार्क सराफ देत नाही, मान्यताप्राप्त केंद्र तपासणी करून देते. कॉर्कच्या ठशामागे असे केंद्र नव्हते. हमी कारागिराचीच. खोट निघाली तर गावात नाव त्याचेच जाणार.

मग किंमत जास्त का?

कारण माल कमी. डब्लिनच्या तुलनेत या गावांत कारागीर मोजकेच होते. त्यात १८०७ पासून कर भरल्याची खूण म्हणून राजाच्या मुखवट्याचा ठसा आला आणि कॉर्कचा बराच माल तपासणीसाठी डब्लिनला जाऊ लागला. कॉर्कमध्ये कार्डन टेरी आणि त्यांची मुलगी जेन विल्यम्स यांनी भागीदारीत काम केले ते याच काळात.

फसगत कुठे होते?

अमेरिकन चांदीवरही ‘स्टर्लिंग’ हाच शब्द असतो. त्यामुळे एकट्या शब्दावरून काहीच ठरत नाही. आद्याक्षरे नोंदीतील कारागिराशी जुळतात का, घडण त्या काळची आहे का, हे पाहावे लागते. लिमरिकच्या काही चमच्यांच्या दांड्यावर तीन पिसांचा तुरा कोरलेला असतो. दुसऱ्या वस्तूवरचा ठसा कापून जोडण्याचे प्रकारही झाले आहेत, त्यामुळे ठशाभोवती सांधा दिसतो का, हेही भिंगातून तपासतात.

थोडक्यात, डब्लिनचा ठसा संस्थेची साक्ष देतो, कॉर्कचा एका माणसाची. म्हणूनच कॉर्कचा चमचा घेताना आधी तो माणूस कोण, हे शोधावे लागते.