रात्री दोन वाजता पिल्लू कुठे न्यायचं?
घरी आलेलं पिल्लू : लेखांक ४

मागच्या आठवड्यात खाण्याच्या वेळा ठरवल्या. त्या ठरल्या असतील तर शी-शूचं निम्मं काम झालं. पिल्लू झोपेतून उठलं, त्याचं पोट भरलं किंवा धावपळ करून दमलं, की पाच ते तीस मिनिटांत त्याला जावंच लागतं. दोन महिन्यांचं पिल्लू दिवसा दोन-तीन तासांपेक्षा जास्त दम धरू शकत नाही. तो त्याचा हट्ट नसतो, मूत्राशयच तेवढं असतं. म्हणून वेळ आपण पाळायची. दर वेळी एकाच दाराने, एकाच कोपऱ्यात न्यायचं, गप्प उभं राहायचं आणि काम झालं की त्याच क्षणी कौतुक करून उकडलेल्या अंड्याचा नखाएवढा तुकडा द्यायचा. घरात आल्यावर दिलेला तुकडा त्याच्या हिशेबी घरात आल्याबद्दलचा असतो.

फरशीवर झालं तर नाक घासणं, चपलेनं मारणं हे प्रकार आपल्याकडे अजून चालतात. त्यातून पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही. मग ते पलंगाखाली जाऊन करतं. ओरडण्यापेक्षा जागा नीट धुवा. अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका, त्याचा वास पिल्लाला लघवीसारखाच लागतो आणि ते पुन्हा तिथेच येतं. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसलेलं बरं.

पायाखाली काय आहे हेही पिल्लू लक्षात ठेवतं. आठव्या-नवव्या आठवड्यापर्यंत ही आवड बरीच पक्की होत आलेली असते. मूल किंवा सिंदेवाहीकडच्या खेड्यातून आणलेलं पिल्लू मातीवर वाढलेलं असतं. चंद्रपुरातल्या फ्लॅटमध्ये ते टाइल्सवर गोंधळून गोल गोल फिरत राहतं. त्याला माती दाखवा, लवकर उमगेल.

इथवरचं कोणत्याही पुस्तकात सापडेल. पुस्तक पुढे म्हणतं, रात्रीही पिल्लाला बाहेर न्या. इथे मात्र आपल्या जिल्ह्याचा विचार करावा लागतो. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबात त्याच्या आहारातला ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. तो उसाचा प्रदेश, आपला जंगलाचा, पण कुत्र्याची गोडी बिबट्याला दोन्हीकडे सारखीच. औष्णिक वीज केंद्राभोवतीच्या झुडपांत बिबटे राहतात, हे ऊर्जानगर-दुर्गापूरच्या माणसाला सांगायला नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथे लागोपाठ दोन दिवसांत दोन माणसं वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत गेली. अशा ठिकाणी पिल्लासाठी रात्री दोनला फाटक उघडणं हा शहाणपणा नव्हे. पिल्लाला अंगणात बांधून ठेवणं तर उघड आमंत्रण. ‘ओरडेल आणि राखण करेल’ या आशेवर दोन महिन्यांचं पोर बाहेर ठेवणाऱ्यांचा मला राग येतो.

मग करायचं काय? दिवसा सांदवाडीच्या ज्या कोपऱ्यात पिल्लू जातं, तिथलीच माती आणून रात्री जाळीच्या पडवीत किंवा न्हाणीत ठेवा. बांधकामाचं जुनं घमेलं नको, त्याची कड पिल्लाला उंच पडते. उथळ ट्रे घ्या, चार बोटं माती पसरा आणि वर दिवसाच्या ओल्या मातीची मूठभर भर घाला. वास ओळखीचा, माती ओळखीची, त्यामुळे पिल्लाला दोन वेगळे नियम शिकावे लागत नाहीत. वर्तमानपत्र सोपं वाटतं, पण पुढे जमिनीवर पडलेला प्रत्येक पेपर त्याला संडासच वाटू लागतो.

झोपायला बेताचं खोकं द्या, तुमच्या खाटेजवळ. जागा अंगाला पुरेशीच असेल तर पिल्लू ती सहसा घाण करत नाही, कुंई-कुंई करून उठवतं. उठा, ट्रेपर्यंत न्या, लाड करू नका, परत झोपवा. रात्रीचं जेवण सातच्या आत उरका. पाणी संध्याकाळनंतर बंद करा, असा सल्ला कोणी दिला तर उन्हाळ्यात तो ऐकू नका. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या गावात पिल्लाचं पाणी तोडणं जिवावर बेतू शकतं. त्यापेक्षा एकदा जास्त उठलेलं परवडतं.

पावसाळ्यात पहाटे अंधारात अंगणात उतरायची वेळ आलीच तर आधी बॅटरी मारा, पायात बूट घाला. मण्यार याच दिवसांत, याच वेळी फिरते. आणि लसी पूर्ण होईपर्यंत आपल्या कुंपणाबाहेरची माती पिल्लाला हुंगू देऊ नका. परव्होचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो.

साधारण चार-सहा महिन्यांचं होईतो बहुतेक पिल्लं रात्रभर दम धरू लागतात. मग ट्रे एकेक हात दाराकडे सरकवत न्या आणि शेवटी उचलून टाका. दरम्यान आवारात बिबट्याचे ठसे दिसले, तर फोटो व्हायरल करण्याआधी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पुढच्या आठवड्यात लसीकरणाचं वेळापत्रक पाहू. पिल्लाचं कार्ड शोधून ठेवा.