साठीनंतरचा रेल्वेप्रवास आणि समुद्र: बीडकरांचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

१७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी गाडी सुटली. या मार्गासाठी दोन-तीन पिढ्यांनी मोर्चे काढले, उपोषणं केली. त्यांतली कितीतरी माणसं आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. गाडी आली, पण त्याच माणसांना घरात ऐकावं लागतं, की या वयात रेल्वे झेपायची नाही, समुद्र तर दूरच. माझं म्हणणं असं, की त्यांचा प्रवास बहुतेक वेळा वयामुळे अडत नाही, ऐकीव माहितीमुळे अडतो. पारावर आणि घराघरांत ऐकू येणारे काही समज म्हणून इथं एकेक करून तपासले आहेत.

गैरसमज: बीड जिल्ह्यातून कोकणात किंवा मुंबईला रेल्वेनं जाताच येत नाही.

वस्तुस्थिती: जिल्ह्याच्या एका टोकाला, परळी वैजनाथला, निजामाच्या काळापासून रेल्वे आहे. नांदेड–पनवेल एक्सप्रेस परळीहून लातूर रोड, लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पुणे असं करत पनवेलला पोचते. पनवेलला कोकण रेल्वेवर जाणाऱ्या बऱ्याच गाड्या थांबतात आणि तिथूनच मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला हार्बरची लोकलही सुटते. केज-अंबाजोगाईकडच्या लोकांना परळीच जवळ, गेवराईकरांना जालना. म्हणजे वाट आहे. मात्र ती बीड शहरातून थेट नाही. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग. त्यातला अहिल्यानगर ते आष्टी हा ६६ किलोमीटरचा भाग सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि तीन वर्षांनी गाडी बीडला आली. बीड ते परळी हा टप्पा पुरा होईल तेव्हा बीडकर आपल्याच स्टेशनावरून परळी गाठतील. तोवर घरापासून आपल्या सोयीच्या स्टेशनापर्यंत एसटी आणि पुढं रेल्वे, असा बेत करावा. कडा, आष्टी, रायमोहाकडच्या ज्यांनी आयुष्यात रेल्वेत पाऊल टाकलं नाही, त्यांनी आधी बीड–अहिल्यानगर गाडीनं जवळचा एक प्रवास करून पाहावा. चढणं, उतरणं, जागेवर बसणं यांची भीती एकाच फेरीत बरीच कमी होते.

गैरसमज: म्हाताऱ्या माणसाला एसटीच बरी. दारातून बसा, दारात उतरा.

वस्तुस्थिती: तास-दोन तासांच्या प्रवासाला हे खरं आहे. रात्रभराच्या प्रवासाला नाही. एसटीत स्वच्छतागृह नसतं. त्यामुळे घराघरांत काय चालतं, ते सगळ्यांना माहीत आहे: आजी आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत आणि आजोबा रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी परस्पर चुकवतात. बीडच्या उन्हाळ्यात हे थेट चक्कर येण्याला, लघवीच्या जळजळीला, रक्तदाब बिघडण्याला आमंत्रण आहे. रेल्वेत स्वच्छतागृह असतं, आडवं होता येतं, तासाभरानं उठून दोन डब्यांत फेरी मारता येते. सलग पाय लोंबकळत ठेवून बसल्यानं घोट्यांना येणारी सूज त्यानं कमी होते. गोळीची वेळ बदलायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून बदलावी, स्वतःच्या मनानं बंद करू नये. औषधं, चष्मा आणि कवळीची डबी मोठ्या बॅगेत न टाकता खांद्याच्या पिशवीत ठेवावी.

रेल्वेची खरी अडचण डब्यात नसते, ती फलाटावर असते. पूल, जिने, लहान स्टेशनांवरचे बुटके फलाट आणि दोन-तीन मिनिटांचा थांबा. म्हणून पनवेलसारख्या ठिकाणी गाडी बदलायची असेल तर मध्ये किमान दोन-तीन तास मोकळे ठेवावेत. जिना टाळायला कुणी रुळांवरून जायला सांगितलं तर साफ नाही म्हणावं. ते जिवावर बेततं आणि कायद्यानं गुन्हाही आहे.

गैरसमज: एसटीत अर्धं तिकीट आहे, तसं रेल्वेतही ज्येष्ठांना आहेच.

वस्तुस्थिती: हा समज सगळ्यात जास्त पसरलेला आणि तिकीट खिडकीवर सगळ्यात जास्त मनस्ताप देणारा. एसटीत ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं भाडं आहे, ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून अमृत योजनेत मोफत प्रवास आहे आणि मार्च २०२३ पासून सगळ्या वयाच्या महिलांना अर्धं तिकीट आहे. रेल्वे केंद्र सरकारची, तिचे नियम वेगळे. तिथं पूर्वी ६० वर्षांवरच्या पुरुषांना ४० टक्के आणि ५८ वर्षांवरच्या महिलांना ५० टक्के सवलत होती. २० मार्च २०२० ला, कोरोनाच्या सुरुवातीला, ती थांबवली गेली आणि पुन्हा सुरू झालेली नाही. दिव्यांग, काही गंभीर आजारांचे रुग्ण, विद्यार्थी यांच्या सवलती आहेत. नुसत्या वयावर मात्र भाडं कमी होत नाही. ही सवलत परत यावी ही मागणी रास्त आहे आणि ज्येष्ठ नागरिक संघांनी ती लावून धरावी. पण प्रवासाचा हिशोब मांडताना पूर्ण भाडं धरूनच मांडावा.

गैरसमज: सवलत गेली म्हणजे ज्येष्ठांच्या सगळ्या सोयी गेल्या.

वस्तुस्थिती: भाड्याची सवलत गेली, खालच्या बर्थची सोय शाबूत आहे. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या महिला यांच्यासाठी स्लीपरच्या प्रत्येक डब्यात सहा-सात, थर्ड एसीत चार-पाच आणि सेकंड एसीत तीन-चार खालचे बर्थ राखून ठेवलेले असतात. आईचं वय ५० असलं तरी तिला हा कोटा लागू होतो, हे पुष्कळ मुलांना माहीतच नसतं.

यात एक खोच आहे. एका तिकिटावर या वयाचा एकच प्रवासी किंवा फार तर असे दोघं असतील, तरच हा कोटा चालतो. आजी, आजोबा, मुलगा, सून आणि नात असं पाच जणांचं एकत्र तिकीट काढलं की कोटा हातचा जातो. म्हणून आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढावं आणि फॉर्मवर ‘लोअर बर्थ / ज्येष्ठ नागरिक’ हा कोटा निवडावा. तत्काळमध्ये तो मिळत नाही. ऑनलाइन तिकीट काढताना किमान एक खालचा बर्थ मिळाला तरच तिकीट द्या, असा पर्यायही असतो. गुडघे दुखत असतील तर तो जरूर निवडावा. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. जुनी १२० दिवसांची मुदत धरून बसू नये.

एवढं करूनही वरचा बर्थ आला तर गाडीत तिकीट तपासनिसांना सांगावं. गाडी सुटल्यावर खालचा बर्थ रिकामा राहिला असेल तर तो ज्येष्ठांना देण्याची तरतूद आहे. वयाचा पुरावा जवळ असावा.

गैरसमज: व्हीलचेअर फक्त अपंगांसाठी. धडधाकट माणसानं मागणं बरं दिसत नाही.

वस्तुस्थिती: मोठ्या स्टेशनांवर व्हीलचेअर असते आणि ज्याला लांबवर चालवत नाही अशा कोणत्याही प्रवाशासाठी असते. ती स्टेशन मास्तरांच्या कार्यालयात मागावी. काही स्टेशनांवर बॅटरीवर चालणारी गाडीही असते. १३९ या क्रमांकावर चौकशी आणि तक्रार दोन्ही करता येतात. अर्धा किलोमीटरचा फलाट दम लागत चालून संध्याकाळी समुद्रावर न जाता खोलीत पडून राहण्यापेक्षा, फलाटावर खुर्ची घेणं आणि पायातली ताकद किनाऱ्यासाठी राखणं शहाणपणाचं.

गैरसमज: कोकण रेल्वे समुद्राच्या कडेकडेनं जाते आणि स्टेशनावर उतरलं की पुढं वाळूच.

वस्तुस्थिती: रोहा ते ठोकुर ही ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली. महाराष्ट्रात ती किनाऱ्यापासून आत, डोंगरांच्या पोटातून जाते. खिडकीतून दिसतात त्या नद्या, खाड्या, भातशेती आणि रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल. शिवाय वाटेत साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा. प्रवास देखणा आहे, पण तो समुद्राचा नाही. रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे. गणपतीपुळ्याला तिथून पुन्हा गाडी करावी लागते. मालवणला जायचं तर कुडाळला उतरून पुढं साधारण तीस किलोमीटर. ज्यांना हे आधी कळलेलं असतं ते रिक्षा-एसटीचा वेळ आणि पैसा धरून निघतात. पावसाळ्यात या मार्गावर गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि वेळापत्रकच वेगळं असतं, हेही ध्यानात ठेवावं.

स्टेशन आणि समुद्र यांचा खरा शेजार बघायचा तर मुंबईत पश्चिम रेल्वेवर. चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड ही तीन स्टेशनं ओळीनं मरीन ड्राइव्हच्या मागे उभी आहेत. मरीन लाइन्स ते चर्नी रोड या टप्प्यात रूळ आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त जिमखान्यांची मैदानं आणि रस्ता आहे. ब्रिटनमध्ये ज्येष्ठ मंडळी एका स्टेशनावर उतरतात, किनाऱ्यानं पुढच्या स्टेशनापर्यंत चालतात आणि तिथून गाडी पकडून घरी येतात. वेल्समध्ये २०१२ मध्ये सुमारे १,४०० किलोमीटरची पायवाट अख्ख्या किनाऱ्याला लागून खुली झाली. आपल्याकडे तसाच एक लहानसा तुकडा चर्चगेट ते चर्नी रोड असा तयारच आहे. वाट सपाट, फरसबंद, कडेला बसायला सलग कट्टा. थकलं की बसा, वाटलं की पुढं चला.

चालायला सुरुवात चर्चगेटहून करावी, कारण ते शेवटचं स्टेशन आहे. फलाट संपतो तिथून जिना न चढता बाहेर पडता येतं. चर्नी रोडला जिन्याची तयारी हवी. ज्यांना जिना नकोच, त्यांनी झेपेल तेवढं चालून चर्चगेटलाच परतावं. लोकलनं जायचं तर सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळून सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान जावं. दुपारचं ऊन नको असेल, तर लवकर पोचून सावलीत थांबावं आणि मुक्काम असेल तर उतरत्या उन्हात चालावं.

गैरसमज: आम्ही बीडच्या उन्हात वाढलो. समुद्रावरचं ऊन ते काय?

वस्तुस्थिती: बीडचं ऊन कोरडं. पारा चाळिशीपार गेला तरी घाम लगेच वाळतो आणि अंग थंड राहतं. किनाऱ्यावर पारा तेहतीस-चौतीसच असतो, पण हवेत दमटपणा इतका की घाम वाळत नाही, नुसता निथळतो. शरीर तापतच राहतं. वयाबरोबर तहानेची जाणीवही कमी होते. म्हणून तहान लागायची वाट न बघता थोडं-थोडं पाणी प्यावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून घ्यावं.

गैरसमज: वाळू मऊ, अनवाणी चालायला उत्तम. आणि भरती कधी येईल ते कोळ्यांनाच ठाऊक.

वस्तुस्थिती: कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यावर, पोटरीवर जास्त ताण येतो. ओहोटीनंतरची ओली, दबलेली वाळू चालायला चांगली. मधुमेहानं तळपायाची जाणीव कमी झाली असेल तर अनवाणी चालूच नये. शिंपल्याची कड लागलेली किंवा तापलेल्या वाळूनं भाजलेलं रात्रीपर्यंत कळत नाही.

भरतीची वेळ काढायला तर आपल्या ज्येष्ठांइतकं तयार कुणी नाही, कारण त्यांना तिथी तोंडपाठ असते. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला उलट: भरती दुपारी, आणि सकाळ-संध्याकाळ समुद्र दूर गेलेला. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजायचं. म्हणजे सकाळ-संध्याकाळ रुंद, ओल्या किनाऱ्यावर चालायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आगेमागे जावं. मात्र याच दिवसांत उधाण मोठं असतं, तेव्हा दुपारी पाण्यापासून लांब राहावं. पावसाळ्यातल्या उधाणात मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावरून लाटा रस्त्यावर येतात. त्या दिवशी कट्टा गाठूच नये. हिशोब ढोबळ आहे, म्हणून किनाऱ्यावर पोचल्यावर स्थानिकांना एकदा विचारावं.

गैरसमज: आता या वयात कशाला?

वस्तुस्थिती: रेल्वेच्या तिकिटाला वयाची वरची मर्यादा नाही. अट आहे ती तयारीची: दोन महिने आधी वेगळं तिकीट, योग्य कोटा, मधल्या स्टेशनावर भरपूर वेळ, डॉक्टरांशी एकदा बोलणं आणि पंचांगात बघितलेली तिथी. यातलं बरंचसं काम घरातल्या तरुणांचं आहे आणि ते मोबाइलवर अर्ध्या तासात होतं. ज्यांनी जिल्ह्यात रेल्वे यावी म्हणून उन्हातान्हात घोषणा दिल्या, त्यांच्यासाठी एवढा अर्धा तास काढणं हे उपकार नाहीत, ते त्यांचं देणं आहे.