सादळलेला कागद आणि झेरॉक्सवरची रेघ

आज झेरॉक्स मशीनबद्दल बोलूया. गटाच्या खोलीत प्रिंटर असेल, तुमच्यापैकी कुणी घरी झेरॉक्सचा धंदा टाकला असेल किंवा शाळेच्या, पंचायतीच्या ऑफिसात काम करत असाल, तर हे तुमच्या उपयोगाचं आहे. आम्ही बोलतोय ते छोट्या लेझर मशीनबद्दल. वर काच, खाली कागदाचा ट्रे, आत काळ्या पावडरीची कार्ट्रिज. शाईच्या बाटल्यांवर चालणाऱ्या मशीनचं तंत्र वेगळं, ते आज नको.

एवढ्याशा मशीनवर आख्खं भाषण कशाला, असं वाटेल. पण २०२४ चा जुलै आठवा. २८ जूनला अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, महिन्याला १५०० रुपये. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागणार नव्हता. म्हणजे रेशनकार्डाची झेरॉक्स हाच त्या बाईचा दाखला. आणि केशरी कार्डाची झेरॉक्स नीट काढली नाही तर पूर्ण पान काळपट येतं, नावं वाचता येत नाहीत. पासबुकाचंही तसंच. पुसट छपाईत इंग्रजी तीन आहे की आठ हे कळलं नाही, की खातं दुसऱ्याचं. बचत गटाच्या कर्जाच्या प्रकरणात तर दहा-बारा जणींचे आधार, पासबुकं, ठरावाची प्रत, सगळं एकत्र जातं. आमच्या एका गटाची फाइल एका बँकेतून फक्त दोन पानं अस्पष्ट म्हणून परत आली. पैसे हातात पडेपर्यंत भातलावणी उलटून गेली होती आणि मजुरीसाठी बायकांनी बाहेरून व्याजाने उचल केली होती.

तर आधी हे मशीन काम कसं करतं ते थोडक्यात. आत एक गुळगुळीत, चकचकीत नळकांडं असतं, त्याला ड्रम म्हणतात. केस विंचरलेली फणी कागदाच्या कपट्यांजवळ नेली की कपटे चिकटतात, लहानपणी आपण सगळ्यांनी केलंय. तीच वीज या ड्रमवर असते. जिथे अक्षर हवं तिथे लेझरचा प्रकाश पडतो आणि तेवढ्याच जागी पावडर चिकटते. ही पावडर म्हणजे टोनर, काजळी मिसळलेली प्लास्टिकची बारीक पूड. ड्रमवरून ती कागदावर येते, मग कागद तापलेल्या रोलरमधून जातो, इस्त्री फिरवल्यासारखा, आणि पावडर वितळून कागदात बसते. तो रोलर १८० ते २०० अंशांच्या आसपास तापतो, म्हणून मागचं झाकण उघडताना सांभाळून.

ही युक्ती शोधली चेस्टर कार्लसन या अमेरिकन गृहस्थांनी. ते पेटंटच्या कामात होते आणि कागदांच्या नकला करून करून वैतागले होते. २२ ऑक्टोबर १९३८ ला न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात त्यांनी गंधक लावलेला जस्ताचा पत्रा कापडाने घासला, त्यावर वीज आणली आणि पावडर टाकून पहिली नक्कल काढली. दुकानात ठेवण्याजोगं मशीन यायला त्यानंतर वीसेक वर्षं लागली, ते आलं १९५९ मध्ये. झेरॉक्स हे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ कोरडं. ओली शाई न वापरता केलेली नक्कल, म्हणून.

आणि कोरडं म्हणजेच आपली खरी अडचण. उल्हास नदीच्या या पट्ट्यात पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, होड्यांनी माणसं काढावी लागली. अशा हवेत कागद सादळतो, अगदी पापडासारखा. हाताला कळत नाही, पण मशीनला कळतं. सादळलेल्या कागदावर वीज टिकत नाही, त्यामुळे पावडर नीट उतरत नाही आणि मधेमधे पांढरट चट्टे राहतात. पुढे तापलेल्या रोलरखाली कागदातल्या ओलाव्याची वाफ होते, कागद गुंडाळतो, त्याला सुरकुती पडते आणि तो बाहेर पडता पडता अडकतो. कधी पावडर नीट वितळत नाही, बोट फिरवलं की अक्षर पुसलं जातं. पावसाळ्यात या तक्रारी एकदम सुरू झाल्या तर कार्ट्रिजला दोष देण्याआधी नवं रिम फोडा आणि त्यातल्या चार कागदांवर काढून बघा. फरक पडला तर खर्च वाचला.

कागदाचं वेष्टन फाडून फेकून देऊ नका. त्याला आतून ओल न लागणारा थर असतो. लागतील तेवढे कागद काढायचे आणि बाकीचं वेष्टन दुमडून पट्टी लावून लोखंडी कपाटात ठेवायचं. जमिनीवर नाही, भिंतीला टेकवून तर नाहीच. संध्याकाळी ट्रेमधले उरलेले कागदही काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचे. घरात डाळ-तांदूळ उघडे ठेवत नाही, तसंच हे. मशीनही खिडकीखाली नको.

आता छपाईत खोट आली तर ती कुठून आली हे कसं ओळखायचं? आमच्याकडे पहिली परीक्षा एकच. काचेवर कागद ठेवून झेरॉक्स काढा आणि शेजारीच कॉम्प्युटरवरून एक प्रिंट काढा. कॉम्प्युटर नसेल तर बहुतेक मशीन स्वतःचं रिपोर्टचं पान काढून देतं, ते चालेल. खोट दोन्हीकडे असेल तर ती कार्ट्रिजमध्ये, ड्रममध्ये किंवा कागदात आहे. फक्त झेरॉक्सवर असेल आणि प्रिंट स्वच्छ असेल, तर दोष वरच्या काचेत. एवढं कळलं तरी मेकॅनिकला फोनवर नेमकं सांगता येतं, आणि बऱ्याचदा फोनच करावा लागत नाही.

उभी काळी रेघ ही सगळ्यात जास्त विचारली जाणारी तक्रार. ज्या मशीनला वरून आपोआप कागद ओढून घ्यायची सोय असते, त्यात मोठ्या काचेच्या कडेला बोटभर रुंदीची एक अरुंद काच असते. वरून टाकलेला कागद तिच्यावरून सरकत जातो. तिच्यावर व्हाइटनरचा ठिपका, डिंक किंवा शाईचा कण बसला, की प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत रेघ. मोठी काच रोज पुसणाऱ्या बायकासुद्धा ही पट्टी विसरतात, कारण ती काच आहे असं वाटतच नाही. मशीन बंद करून मऊ कापड किंचित ओलं करा, पट्टी पुसा, मग कोरड्या कापडाने पुसा. पाणी थेट काचेवर शिंपडायचं नाही. व्हाइटनर वाळून घट्ट बसला असेल तर नखाने हलकेच, ब्लेडने नको. पुसूनही रेघ राहिली आणि ती प्रिंटवरही येत असेल, तर ड्रमवर ओरखडा आहे किंवा ड्रम साफ करणारी पट्टी खराब झाली आहे. ते काम मेकॅनिकचं.

दुसरी खूण म्हणजे पानावर ठरावीक अंतराने येणारा ठिपका. इथे शाळेतली मोजपट्टी घ्या. दोन ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे कुठल्या तरी रोलरचा घेर, कारण प्रत्येक फेरीला तो तोच डाग उमटवतो. बऱ्याच छोट्या मशीनच्या ड्रमचा घेर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे एका ए-फोर पानावर तोच ठिपका तीन-चार वेळा दिसतो. असं असेल तर ड्रम गेलाय. अंतर वेगळं निघालं तर दुसरा रोलर. आकडा लिहून ठेवा आणि मेकॅनिकला सांगा, तो उगाच तीन गोष्टी बदलायला सांगणार नाही.

छपाई पूर्ण पानभर पुसट असेल तर आधी सेटिंगमध्ये टोनर वाचवण्याची सोय चालू राहिली आहे का ते बघा. नसेल तर पावडर संपत आलीय. कार्ट्रिज बाहेर काढा, आडवी धरा आणि पाळणा झुलवतो तशी हळू पाच-सहा वेळा डावी-उजवीकडे हलवा. पावडर सारखी पसरते आणि आणखी काही पानं निघतात, हातातलं काम पार पडतं. हे करताना चकचकीत ड्रमला बोट लावायचं नाही आणि कार्ट्रिज उन्हात ठेवायची नाही. ड्रमला उजेड सोसत नाही.

केशरी रेशनकार्डाचं मात्र मशीनशी भांडण नाही. तिथे गडदपणा दोन घरं कमी करा आणि मशीनमध्ये मजकुरासाठीचं सेटिंग असेल तर ते लावा, मागचा रंग फिका होतो. जुन्या पासबुकाला उलट, गडदपणा वाढवायचा. गटाच्या नोंदवहीचं पान पातळ असतं, मागची अक्षरं पुढे उमटतात. त्या पानामागे काळा कागद ठेवा, उमटणं जवळजवळ थांबतं. झेरॉक्स काढून झाली की खातेक्रमांक मुळाशी एकेक आकडा ताडून बघायचा, मगच फॉर्मला जोडायची.

आता कागद अडकण्याबद्दल. लाल दिवा लागला की आपला हात आधी पुढे जातो आणि दिसेल ते टोक आपण ओढतो. तसं करायचं नाही. मशीन बंद करा, ट्रे काढा, पुढचं झाकण उघडून कार्ट्रिज बाहेर घ्या आणि कागद कुठे थांबलाय ते बघा. शक्यतो कागद ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, हळू आणि सरळ ओढायचा. उलटा हिसका दिला तर आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. कागद मागच्या तापलेल्या भागात असेल तर अर्धा तास थांबा. फाटला तर तुकडे टेबलावर जुळवून ठेवा आणि चारही कोपरे मिळाले का ते बघा. नखाएवढा तुकडा आत राहिला की पुढचा प्रत्येक कागद तिथेच अडकतो आणि मशीन बिघडलं असं वाटतं.

कुठे अडकतो यावरून कारण कळतं. ट्रेच्या तोंडाशीच अडकत असेल किंवा दोन-दोन कागद एकदम जात असतील, तर कागद उचलणारा रबरी रोलर धुळीने गुळगुळीत झालाय, तो ओलसर कापडाने पुसून कोरडा होऊ द्या. ट्रेमध्ये खुणेच्या वर कागद भरू नका. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकलेल्या हव्यात, आवळलेल्या नकोत, सैल नकोत. भरण्याआधी गठ्ठा पत्ते पिसतो तसा फुलवून घ्या म्हणजे कागद एकमेकांना चिकटत नाहीत. बाहेर पडण्याच्या जागी अडकत असेल तर बहुधा कागद सादळलेलाच.

पाठकोऱ्या कागदांबद्दल आमचं मत जरा कडक आहे. एका बाजूने छापलेले कागद परत ट्रेमध्ये टाकून वापरायची सवय बऱ्याच ठिकाणी दिसते. काटकसर बरोबर आहे, जागा चुकीची. असा कागद एकदा तापून वाकलेला असतो, त्याला स्टेपलची भोकं असतात, कधी पिनच राहिलेली असते. ती पिन ड्रमवर घासली की चार आण्यांच्या बचतीपायी ड्रमचा खर्च येतो. पाठकोरे कागद कच्च्या हिशेबाला, मुलांच्या गणितांना आणि सभेच्या टिपणांना वापरा.

विजेचं एक सांगायचं राहिलं. लाइट गेली की आधी मशीनचा खटका बंद करा. ती येते-जाते तेव्हा कागद अर्ध्यात तापत राहू नये म्हणून. आणि लेझर मशीन घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर लावू नका. रोलर तापवताना ते एकदम खूप वीज ओढतं, छोट्या इन्व्हर्टरला ते झेपत नाही.

कार्ट्रिज भरून घेतलीत तर परत आणताना दोन प्रश्न विचारा. ड्रम बदलला की तोच ठेवला? आणि वाया गेलेली पावडर आतल्या कप्प्यातून काढली का? तो कप्पा भरून वाहिला की पानाची बाजू राखेसारखी करडी येते, मग ओरडा होतो की भरलेली कार्ट्रिज खराबच असते. तसं काही नाही, नीट भरलेली चांगली चालते. घरी आणल्यावर पहिली पाच-सहा पानं सोडून द्या, मग परीक्षा करा.

आणि काळी पावडर सांडलीच तर फुंकर मारू नका, ती श्वासात जाते. घरातला व्हॅक्यूमही नको. नाका-तोंडाला पदर लावून ओलसर कापडाने टिपून घ्या. साडीवर पडली तर आधी कोरडी झटकून टाका, मग गार पाण्याने धुवा. गरम पाणी घेतलं किंवा वरून इस्त्री फिरवली, तर साडीचीच झेरॉक्स निघते, आणि ती कायमची.