वजन वर जाते की खेळाडू खाली?

१९ सप्टेंबर २००० रोजी सिडनी ऑलिंपिकमध्ये महिलांच्या ६९ किलो गटात आंध्र प्रदेशच्या कर्णम मल्लेश्वरीने कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. महिलांचे भारोत्तोलन ऑलिंपिकमध्ये आले तेच मुळी सिडनीला. त्यांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मात्र १९८७ पासून होत होत्या. त्या दिवशीचा निकाल विज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहावा असा आहे.

या खेळात दोन प्रकार असतात. ‘स्नॅच’मध्ये दांडा जमिनीवरून एकाच झेपेत डोक्यावर न्यायचा. ‘क्लीन अँड जर्क’मध्ये तो आधी खांद्यांवर घ्यायचा आणि मग तेथून वर ढकलायचा. प्रत्येक प्रकारात तीन संधी मिळतात आणि दोन्हींतील सर्वोत्तम उचलींची बेरीज धरतात. चीनच्या लिन वेनिंगने ११० आणि १३२.५ किलो, हंगेरीच्या एर्झेबेट मार्कुशने ११२.५ आणि १३० किलो, तर मल्लेश्वरीने ११० आणि १३० किलो उचलले. पहिल्या दोघींची बेरीज २४२.५, मल्लेश्वरीची २४०. बरोबरी झाल्यास शरीराचे वजन कमी असणारी वरचढ, या त्या काळच्या नियमाने सुवर्णपदक लिनला मिळाले.

तिघींच्याही बाबतीत एक गोष्ट सारखी दिसते : स्नॅचपेक्षा दुसऱ्या प्रकारात सुमारे २० किलो जास्त उचलले गेले. हात तेच, पाय तेच. मग हा फरक कशामुळे?

आपल्याला वाटते, खेळाडू वजन दंडांच्या जोरावर डोक्यापर्यंत नेते. प्रत्यक्षात बहुतेक काम पाय, नितंब आणि पाठ करतात. त्यांच्या जोरदार ताणाने दांड्याला वेग मिळतो. त्यानंतर तो थोडा वेळ आपल्याच वेगाने वर जात राहतो आणि तेवढ्यात खेळाडू झटकन त्याच्याखाली बसते. समजा, ताण संपल्यावर दांडा आणखी १५ सेंटिमीटर वर गेला. आपल्या ओळखीच्या सूत्राने त्यासाठी सेकंदाला सुमारे १.७ मीटर वेग लागतो. वर जाऊन पुन्हा त्याच उंचीवर यायला दांड्याला साधारण ०.३५ सेकंद लागतात. एवढ्या वेळात मोकळी सोडलेली वस्तू ६० सेंटिमीटर खाली पडते. म्हणजे खाली बसायला वेळ पुरतो, पण जेमतेम!

आता फरकाचे कारण उलगडते. स्नॅचमध्ये खाली बसल्यावरही हात डोक्यावर सरळ असावे लागतात, म्हणून दांडा बराच उंच न्यावा लागतो. क्लीनमध्ये तो बसलेल्या खेळाडूच्या खांद्यांइतका वर आला की पुरते. उंची कमी लागली, तर तेवढ्याच ताकदीत जास्त वजन झेपते. पुढे जर्कच्या वेळी गुडघे किंचित वाकवून पायांनी दुसरा जोर देता येतो.

पण केवळ ताकद पुरत नाही. मल्लेश्वरीने शेवटच्या संधीला १३७.५ किलो मागितले. ते उचलले असते, तर बेरीज २४७.५ होऊन सुवर्णपदक तिचेच होते. ती उचल यशस्वी झाली नाही. अशा वजनाखाली तोल सांभाळणे किती कठीण असते, हे आपण गणिताने पाहू. खेळाडूचे वजन ६९ किलो धरले, तर दांड्यासह एकूण वजन २०६.५ किलो होते. त्यातील दोन तृतीयांश दांड्याचे. म्हणून दांडा पायांच्या मध्यापासून ९ सेंटिमीटर पुढे गेला, तर दोघांचा मिळून गुरुत्वमध्य ६ सेंटिमीटर पुढे सरकतो. तो तळपायांच्या टेकूबाहेर गेला की स्नायू कितीही बळकट असोत, तोल जाणारच. म्हणूनच दांडा अंगालगत ठेवण्याचा सराव वर्षानुवर्षे करावा लागतो.

वजनगटांमागेही असेच साधे गणित आहे. स्नायूचे बळ त्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे लांबीच्या वर्गावर अवलंबून असते. शरीराचे वजन मात्र घनाप्रमाणे वाढते. त्यामुळे वजन वाढते त्या प्रमाणात बळ वाढत नाही. सिडनीलाच ५३ किलो गटात चीनच्या यांग शियाने एकूण २२५ किलो उचलले, म्हणजे गटाच्या वजनमर्यादेच्या सव्वाचार पट. लिनच्या बाबतीत हे प्रमाण साडेतीन पट येते. वर्ग-घनाच्या हिशेबाने ६९ किलो गटात सुमारे २६८ किलो अपेक्षित होते, प्रत्यक्षात २४२.५ झाले. नियमाने दिशा बरोबर सांगितली, नेमका आकडा नाही. खेळाडू म्हणजे एकाच साच्यातून काढलेल्या लहानमोठ्या प्रतिकृती नव्हेत, हे विद्यार्थ्यांना सांगण्याची ही चांगली संधी आहे.

वर्गात वजने उचलायला लावण्याची मुळीच गरज नाही. विद्यार्थ्याला टाचा व पाठ भिंतीला टेकवून उभे करावे आणि पायांपुढे ठेवलेला रुमाल गुडघे न वाकवता उचलायला सांगावे. भिंतीमुळे कंबर मागे नेता येत नाही, गुरुत्वमध्य पुढे जातो आणि तोल सुटतो. रुमालाचे वजन ते काय! तरीही तो उचलत नाही. हे अनुभवल्यावर १३० किलो डोक्यावर स्थिर धरणाऱ्या मुलीकडे वर्ग वेगळ्या नजरेने पाहील. तिच्या अंगी ताकद तर होतीच, पण अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात दांड्याखाली योग्य जागी पोहोचण्याचे कौशल्यही होते.