पिकअपला जादा डिझेल टाकी : सिल्वासात फुल्ल करून निघणं खरंच परवडतं का?

सिल्वासा : महाराष्ट्राच्या हद्दीतून दादरा-नगर हवेलीत शिरलेला गाडीवाला माल उतरवण्याआधी पंपावर थांबतो, ही इथली जुनी सवय. तलासरी, उधवा, जव्हार, विक्रमगड, मोखाडा या भागातले पिकअपवाले खानवेल किंवा सिल्वासात आले की ‘टाकी फुल्ल’ करूनच परत फिरतात. कारण सरळ आहे. पेट्रोल आणि डिझेल अजून जीएसटीत आलेलं नाही. त्यामुळे त्यावरचा व्हॅट प्रत्येक राज्य आणि केंद्रशासित प्रदेश आपापला लावतो, आणि दादरा-नगर हवेलीचा दर महाराष्ट्रापेक्षा कमी पडतो.

इथूनच पुढचा विचार डोक्यात येतो. कंपनीची टाकी भरूनही स्वस्त डिझेल मागे राहतंच, मग चेसिसला आणखी एक टाकी मारून घेतली तर? गॅरेजमध्ये विचारलं की वेल्डिंगवाला मापं घेतो, पत्रा कापतो, दोन दिवसांत टाकी तयार. काम सोपं वाटतं. पण ही टाकी किती पैसे वाचवते, गाडीचं काय करते आणि कायद्याला चालते का, हे तीन प्रश्न सहसा टाकी बसल्यावर विचारले जातात. ते आधी विचारलेले बरे.

आधी हिशोब

सिल्वासा, मसाट, खडोली, रखोली या पट्ट्यातल्या कारखान्यांतून निघणारं सूत मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या यंत्रमागांकडे जातं. पिकअपवाल्यांचा हा नेहमीचा रूट. जाऊन-येऊन साधारण तीनशे किलोमीटर. भरलेली पिकअप लिटरला १२ किलोमीटर देते असं धरलं, तर एका फेरीला २५ लिटर डिझेल लागतं. मोठ्या पिकअपची कंपनीची टाकी साठ लिटरच्या आतबाहेर असते. म्हणजे सिल्वासात एकदा फुल्ल केलं की भिवंडीच्या दोन फेऱ्या आरामात होतात. जादा टाकीची गरजच पडत नाही.

पुण्याची फेरी धरा. जाऊन-येऊन सहाशे किलोमीटर धरले तरी ५० लिटर. काठावर का होईना, पण कंपनीच्या टाकीत बसतं.

जादा टाकीचा उपयोग सुरू होतो तो नागपूरसारख्या लांबच्या भाड्याला. जाऊन-येऊन सोळाशे किलोमीटर धरले तर १३३ लिटर डिझेल लागेल. त्यातलं ५५ लिटर कंपनीच्या टाकीतून आलं, तर उरलेलं ७८ लिटर वाटेत महाराष्ट्रात भरावं लागतं. लिटरमागे दोन रुपयांचा फरक असेल तर एका फेरीत वाचतात १५६ रुपये. तीन रुपयांचा असेल तर २३४ आणि पाच रुपयांचा असेल तर ३९०.

आता टाकी, पाइप, पंप, क्लॅम्प आणि मजुरी मिळून १५ हजार रुपये खर्च आला असं धरू. दोन रुपयांच्या फरकाने हे पैसे फिटायला नागपूरच्या ९६ फेऱ्या लागतात. तीन रुपयांनी ६४, पाच रुपयांनी ३८. महिन्याला दोनच लांबची भाडी मिळत असतील, तर दोन रुपयांच्या हिशोबाने चार वर्षं गेली. तोवर दर तेच राहतील याची खात्री नाही. एखाद्या राज्याने व्हॅट कमी-जास्त केला की सगळं गणित उलटं होतं.

यात टाकीचं वजन धरलेलंच नाही. एक लिटर डिझेल सुमारे ८३० ग्रॅम भरतं. १०० लिटर म्हणजे ८३ किलो, वर लोखंडी टाकी आणि तिचे ब्रॅकेट. शंभर किलोच्या वर बोजा गाडी रोज वाहणार. ठरलेल्या वजनाच्या हद्दीत राहायचं तर तेवढा माल कमी घ्यावा लागतो. भाडं किलोवर असेल तर वाचलेले दीडशे रुपये तिथेच निघून जातात. माल कमी न घेता तसंच काट्यावर गेलं, तर ओव्हरलोडचा दंड २० हजार रुपये आणि जादाच्या प्रत्येक टनामागे दोन हजार.

प्रत्येकाचा रूट वेगळा, त्यामुळे हिशोबही वेगळा. तीन महिन्यांच्या पंपाच्या पावत्या काढायच्या, महाराष्ट्रात नेमकं किती लिटर भरावं लागलं ते बघायचं आणि त्या लिटरला त्या दिवसाच्या फरकाने गुणायचं. आकडा वहीत आला की निर्णय आपोआप होतो.

टाकी जोडली की गाडीत काय बदलतं

जादा टाकी जोडायच्या दोन पद्धती गॅरेजांत दिसतात. पहिल्या पद्धतीत जादा टाकीतलं डिझेल लहान पंपाने किंवा उतारावरून मुख्य टाकीत सोडतात. दुसऱ्या पद्धतीत मध्ये कॉक बसवून इंजिनाची लाइन कधी या टाकीवर, कधी त्या टाकीवर फिरवतात.

दुसऱ्या पद्धतीत एक मोठी चूक होते. आजच्या कॉमन रेल इंजिनाला जेवढं डिझेल जातं तेवढं सगळं जळत नाही. उरलेलं रिटर्न लाइनने टाकीत परत येतं. कॉक बसवताना फक्त जाणारी लाइन फिरवली आणि रिटर्न मुख्य टाकीलाच राहिली, तर डिझेल एका टाकीतून उचललं जातं आणि दुसऱ्या टाकीत साचतं. मुख्य टाकी आधीच भरलेली असेल तर ती उतू जाते. सांडलेलं डिझेल रस्त्यावर पडलं की मागून येणारी दुचाकी घसरते.

पहिल्या पद्धतीतही धोका आहेच. पंप बंद करायला विसरलं की मुख्य टाकी उतू जाते. शिवाय डॅशबोर्डवरचा काटा फक्त मुख्य टाकीचा असतो, जादा टाकीत किती उरलंय ते कळत नाही.

टाकीचा पत्रा हा वेगळा विषय. साध्या लोखंडी पत्र्याला आतून गंज येतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजत नाही म्हणून काही जण तो वापरतात, पण जस्त आणि डिझेल यांचं जमत नाही. त्यातून तयार होणारा चिकट साका फिल्टर आणि इंजेक्टरपर्यंत पोचतो. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत डिझेल हजार बारच्याही वरच्या दाबाने इंजेक्टरमधून जातं. तिथे गंजाचा बारीक कण किंवा पाण्याचा थेंबही महागात पडतो. कंपनीची वॉरंटी असेल तर बाहेरची टाकी दिसल्यावर इंधनाच्या यंत्रणेचा दावा अडतो. इंजेक्टर बदलायचा खर्च आणि डिझेलची वर्षभराची बचत शेजारी मांडून बघावी.

उष्णतेचाही विचार हवा. डिझेल तापलं की फुगतं. तापमान २० अंशांनी वाढलं तर १०० लिटरचं दीड लिटर तरी वाढतं. म्हणून टाकी काठोकाठ भरायची नसते आणि हवा जायला नीट व्हेंट लागतो. हा व्हेंट असा असावा लागतो की गाडी आडवी झाली तरी त्यातून डिझेल वाहू नये. घरगुती टाकीत झाकणाला भोक पाडून काम भागवलेलं असतं.

त्याहून गंभीर गोष्ट सायलेन्सरची. ज्या बीएस-६ गाड्यांत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यात साचलेली काजळी जाळताना आतलं तापमान ५५० ते ६०० अंशांपर्यंत जातं. चेसिसला जागा मिळेल तिथे टाकी बसवताना ती याच पाइपाजवळ आली, तर एका गळतीवर सगळं अवलंबून राहतं.

टाकीच्या आत आडव्या पट्ट्या नसतील तर अर्धी भरलेली टाकी वळणावर हेलकावे खाते. जव्हारचा किंवा पेठचा घाट उतरताना एका बाजूला लटकलेलं हे वजन ड्रायव्हरला जाणवतं.

कायदा काय म्हणतो

टाकीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘डिझेल अडीच हजार लिटरपर्यंत चालतं.’ हे खोटं नाही, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

पेट्रोलियम कायदा १९३४ मध्ये इंधनाचे वर्ग ते किती तापमानाला पेट घेतं यावरून केले आहेत. डिझेल ‘ब’ वर्गात येतं. या वर्गाचं इंधन एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत असेल आणि कोणतंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल, तर ते ठेवायला किंवा न्यायला परवाना लागत नाही. गाडीच्या स्वतःच्या इंधन टाकीलाही या कायद्यात वेगळी सूट आहे, पण ती गाडीच्या नोंदणीचे नियम पाळणाऱ्या मालकाला. म्हणजे डिझेल जवळ बाळगणं हा इथे अडथळा नाही.

अडथळा आहे मोटार वाहन कायद्याचा. १९८८ च्या या कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ लावताना उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. इथे जबाबदारी गॅरेजवाल्यावर ढकलता येत नाही. कलमात मालकाचाच उल्लेख आहे.

मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. त्या वेळी टाकी काढायची आणि पासिंग झालं की परत लावायची, असा उपाय काही जण सुचवतात. दर वेळी नळ्या सोडल्या-जोडल्या की गळतीची एक नवी जागा तयार होते. आणि टाकी काढून पासिंग केलेली गाडी टाकी लावून अपघातात सापडली, तर विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या आड येतो. गाडी कर्जावर असेल तर हप्ते मात्र चालूच राहतात.

ड्रम आणि कॅन

टाकी नको म्हणून हौद्यात २०० लिटरचा ड्रम टाकून नेणारेही आहेत. स्वतःच्या ट्रॅक्टरला किंवा बोअरच्या इंजिनाला लागणारं डिझेल वर दिलेल्या मर्यादेत नेणं वेगळं, आणि गावात नेऊन लिटरमागे दोन रुपये चढवून विकणं वेगळं. विनापरवाना विक्री केली की जीवनावश्यक वस्तू कायद्याखालचा २००५ चा पेट्रोल-डिझेल वितरण आदेश लागू होतो. नेतानाही ड्रम घट्ट बुचाचा आणि बांधलेला हवा. सुटा ड्रम ब्रेक मारल्यावर थेट केबिनवर येतो.

पेट्रोलला तर हे काहीच लागू नाही. पेट्रोल ‘अ’ वर्गात येतं आणि विक्रीसाठी नसलं तरी परवान्याशिवाय सुटं ३० लिटरपर्यंतच ठेवता येतं. डिझेलचा नियम पेट्रोलला लावून कॅन भरणारा कायदा तर मोडतोच, पण हौद्यात आगही घेऊन फिरतो.

मग करायचं काय

लांबची भाडी खरोखर नेहमीची असतील तर गाडी घेतानाच मोठ्या टाकीचं मॉडेल बघणं हा सरळ मार्ग. जुन्या गाडीला, त्याच मॉडेलसाठी उत्पादकाने मंजूर केलेली मोठी टाकी मिळते का, हे अधिकृत डीलरकडे विचारावं. मिळत असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, मग काम. काम झाल्यावर परवानगी काढू म्हटलं की ती निघत नाही.

आधीच घरगुती टाकी बसवलेली असेल तर निदान ती सायलेन्सरपासून किती दूर आहे, रिटर्न लाइन कुठे जाते आणि नळ्या कुठे घासतात, हे आजच गाडीखाली वाकून बघावं. टाकी उतरवायची ठरली तर रिकाम्या टाकीला वेल्डिंग किंवा कटर लावू नये. डिझेल संपलं तरी आत वाफ राहते आणि ती भडकते.

बाकी भिवंडी, नाशिक, पुण्याच्या फेऱ्या करणाऱ्यांना सिल्वासातून निघताना कंपनीची टाकी फुल्ल केली की स्वस्त डिझेलचा जवळपास सगळा फायदा मिळतोच. टायरमध्ये बरोबर हवा, वेळेवर बदललेला डिझेल फिल्टर आणि थोडा हलका पाय यातून लिटरला अर्धा किलोमीटर वाढला, तर नागपूरच्या फेरीत पाच लिटर वाचतात. डिझेल ९० रुपये धरलं तर हे साडेचारशे रुपये झाले. दोन रुपयांच्या फरकासाठी बसवलेल्या जादा टाकीच्या बचतीपेक्षा हे जवळपास तिप्पट आहेत आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही.